एका गोऱ्ह्याची सायकल

रूपरावांना सायकल चालवता येत नव्हती. पण सावळीत आणि आसपासच्या गावांत कोणाला बैल घ्यायचा असला की रूपरावांना सोबत नेल्याशिवाय तो बाजाराला जात नसे. त्यामुळे सुनेसाठी सायकल घ्यायची ठरली तेव्हा ती पारखण्याचं काम आपलंच, हे त्यांनी गृहीतच धरलं.

ही गोष्ट एकोणीसशे सत्त्याहत्तर सालची. मी बोरखेडीच्या शाळेत मुख्याध्यापक होतो. मुख्याध्यापक म्हणजे काय, शाळेत शिक्षक दोन, त्यातला वयानं मोठा तो मुख्याध्यापक. दुसऱ्या शिक्षिका म्हणून त्या वर्षी जूनमध्ये सुलोचनाबाई रुजू झाल्या. त्या रूपरावांच्या सून. वर्ध्यात वाढलेल्या, तिथंच शिक्षिकेचं शिक्षण घेतलेल्या. नवरा हिंगणघाटच्या गिरणीत कामाला, महिन्यातून एकदोनदा घरी यायचा. दोन वर्षांची मंगला आजीजवळ सोडून बाई रोज सावळीहून बोरखेडीला पायी यायच्या. रस्ता दोन कोसांचा, निम्मा मुरमाचा आणि निम्मा काळ्या मातीचा. पावसाळ्यात त्या मातीतून चालणं म्हणजे प्रत्येक पावलाला एक वीट उचलून चालणं. बाई यायच्या तोवर प्रार्थना संपलेली असायची.

मी काही बोलत नव्हतो, कारण एकदा वर्गात शिरल्या की त्यांच्यासारखं शिकवणं मी फार कमी पाहिलं आहे. पण तालुक्याहून तपासणीला येणाऱ्या साहेबांनी त्यांना दोनदा उशिरा येताना पाहिलं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "बाई, एक तर गावात खोली करा, नाही तर घंटेला हजर राहा. दिवाळीनंतर मी पुन्हा येईन. तेव्हा मला लिहावं लागेल."

खोलीची गोष्ट घरी निघाली तेव्हा सासू आनंदाबाई चुलीपुढून उठल्याही नाहीत.

"पोरगा एका गावात, सून दुसऱ्या गावात, अन् नात माह्या मांडीवर. असा संसार करायचा असंल तं नोकरी सोड बाई. आपल्या घरी ज्वारी पिकते."

आनंदाबाई वाईट नव्हत्या. त्यांना घर एका छपराखाली दिसायला हवं होतं, एवढंच. सुलोचनाबाईंनी उलट उत्तर दिलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "आत्याबाई, सायकल असली तर मी घंटेच्या आधी पोचेन आणि दिवे लागायच्या आत घरी येईन. वर्ध्यात शिकले आहे मी चालवायला. तासावर भाड्यानं मिळायच्या."

"सायकल?" आनंदाबाई म्हणाल्या. "लुगडं नेसून?"

रूपराव ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "पोळा होऊ दे."

पोळा झाला आणि रूपरावांनी गोठ्यातला एक गोऱ्हा विकला. म्हणजे सायकलचा हिशेब पक्का झाला: सायकल एका गोऱ्ह्यात बसली पाहिजे. दुसरा गोऱ्हा विकायला नव्हता.

"गोऱ्हा देऊन लोखंड आणून राह्यले," आनंदाबाई शेजारच्या सीताबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "होळीपर्यंत पाह्यते. लोखंड मोडलं, हरपलं, तं मंग नोकरीचं नाव नाई काढायचं. सांगून ठेवते."

"ठीक आहे," सुलोचनाबाई म्हणाल्या. रूपरावांनीही मान डोलावली. शब्द दिला गेला.

सासरे आणि सून वर्ध्याला गेले ती हकिकत सुलोचनाबाईंनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी सोबत होतो असंच वाटतं. बाजारपेठेत भैय्याजी नावाच्या एका व्यापाऱ्याचं सायकलींचं दुकान होतं. त्यांनी नवी कोरी लेडीज सायकल पुढे काढली. बायकांच्या सायकलला मधली आडवी दांडी नसते, त्यामुळे साडी नेसून चढता येतं. हिरवा रंग, चकचकीत हँडल, सीटवर अजून कागद गुंडाळलेला. सुलोचनाबाई तिच्याकडे पाहतच राहिल्या.

रूपरावांनी सायकलभोवती एक फेरी मारली. बैलाला मारतात तशी, पाठीमागून सुरू करून. मग विचारलं, "हे चिखलात काय करते?"

"दादाजी, चिखलात कोणतीच सायकल काही करत नाही," भैय्याजी म्हणाले.

"मंग हे बिनजुपलेला गोऱ्हा झाली. दिसाले नामी." असं म्हणून रूपरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, भैय्याजींच्या हातावर पांघरला आणि आपला हात त्याच्याखाली घातला.

भैय्याजी दचकून मागे सरले. "अहो, हे काय करता?"

बैलबाजारात किंमत तोंडानं बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही. रूपरावांनी आयुष्यात दुसऱ्या रीतीनं कधी भाव केला नव्हता. सुलोचनाबाईंनी समजावून सांगितलं तेव्हा भैय्याजी इतके हसले की त्यांनी चहा मागवला. पण नव्या सायकलची किंमत हसून कमी होणार नव्हती. ती दीड गोऱ्ह्याची होती.

मग भैय्याजींनी आतून एक जुनी आणली, भाड्यानं चालवलेली, नव्यानं रंगवलेली. ती अर्ध्या गोऱ्ह्यात येत होती. रूपराव रंगाकडे पाहून म्हणाले, "शिंगाले तेल लावलं हाये." पण नक्की काय लपवलंय ते त्यांना सांगता येईना. बैल असता तर दात पाहिले असते. ते सुनेकडे पाहू लागले. सुलोचनाबाईंनी मागचं चाक उचलून गरकन फिरवलं. चाक डावीउजवीकडे झोकांड्या खात फिरलं. मग त्यांनी पुढच्या बाजूला, जिथं नळ्या जोडलेल्या असतात तिथं, बोट फिरवलं. रंगाखाली जाड सांधा लागला.

"ही कुठं तरी आदळून वाकली होती," त्या म्हणाल्या. "जोडून घेतली आहे."

"तीन-तीन पोरं बसतात हो भाड्याच्या सायकलवर," भैय्याजींनी मान्य केलं. "बाई, तुम्हाला रोज चार कोस जायचं आहे ना? मग ही घेऊ नका. लेडीज सायकल जुनी पण चांगली हवी असेल, तर सिंदीला जा. विमलाबाई सिस्टर निवृत्त झाल्या आहेत. त्यांची सायकल मी वर्षानुवर्षं दुरुस्त केली आहे. विकतील की नाही ते माहीत नाही."

असं गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवणारा व्यापारी विरळा. रूपराव परत जाताना म्हणाले, "माणूस चांगला हाये, पण बाजार कसा करतात हे त्याले समजत नाई." मला वाटतं भैय्याजींनीही त्यांच्याबद्दल तेच म्हटलं असेल.

विमलाबाई सिस्टर सिंदीच्या रेल्वे स्टेशनजवळ दोन खोल्यांत राहायच्या. सरकारी सुईण म्हणून त्यांनी आसपासच्या खेड्यांत शेकडो बाळंतपणं केली होती. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून सायकल पडवीत उभी होती. काळी, ओरखड्यांनी भरलेली. मागे कॅरिअरवर औषधांसाठी एक लाकडी पेटी पक्की बसवलेली, पांढऱ्या रंगाची, तिच्यावरचा लाल क्रॉस पुसट झालेला. आणि पुढच्या चाकावर मडगार्डच नव्हतं.

"मडगार्ड कुठे गेलं?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"मीच काढून टाकलं," विमलाबाई म्हणाल्या. "काळी माती चाक आणि मडगार्डच्या मधे भरते. चाक अडतं, मग सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मडगार्ड नसलं की अंगावर चिखल उडतो, पण चाक फिरतं. चिखल धुता येतो. बाळ थांबत नाही."

 रूपराव खाली वाकले आणि पुढच्या चाकावरून त्यांनी हात फिरवला. मागच्या चाकाजवळ सुतळीनं बांधलेली बांबूची एक कमची होती, माती खरवडायला. त्यांच्या वखराला बांधलेली असते तशीच.

"हिले आपली माती माहीत हाये," ते म्हणाले.

तरी परीक्षा झालीच. त्यांनी पेटीत ज्वारी भरायला लावली आणि सुनेला स्टेशनच्या मागच्या ओल्या शेताच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, फेरी मारायला सांगितली. बैलाला भरल्या गाडीला जुंपून पाहतात तशी. सुलोचनाबाई परत आल्या तेव्हा घामाघूम होत्या आणि हसत होत्या. मागचं टायर गुळगुळीत झालेलं होतं, ब्रेकचे रबर झिजले होते. पण ते बदलता येतात. चाकं सरळ होती, सांधे मूळचे होते.

आता भाव. आणि इथं रूपराव अडले. दुपट्टा हातात घेऊन उभे राहिले. परक्या बाईच्या हाताला हात लावणार कसा? आणि भर पडवीत तोंडानं किंमत बोलायची, तर जीभ वळेना.

"पोरी," ते शेवटी सुनेला म्हणाले, "तूच घाल हात. रस्त्यानं सांगितलं होतं ना बोटाचं?"

दोघी बायकांनी दुपट्ट्याखाली हात घातले. रूपराव शिष्टाचार म्हणून दुसरीकडे तोंड करून उभे राहिले. विमलाबाईंना आधी खेळच वाटला. "अगं, गुदगुल्या होतात! हे बोट म्हणजे किती?" पण हळूहळू त्यांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी सुलोचनाबाईंची दोन बोटं धरली, एक सोडलं, आणि मग सबंध हातच धरून ठेवला.

"झालं?" रूपरावांनी भिंतीकडे पाहत विचारलं.

"झालं," विमलाबाई म्हणाल्या. त्यांनी पदरानं पेटीवरची धूळ पुसली. एका गोऱ्ह्यात सायकल बसली, टायर आणि ब्रेकपुरतं उरलंही.

निघताना विमलाबाईंनी चाकाचं कुलूप आणि किल्ली पुढे केली. रूपरावांनी दोन्ही हात जोडले.

"नाई बाई. दावं घरीच राह्यते."

आमच्याकडे बैल विकला तरी त्याचं दावं, म्हणजे बांधायचा दोर, विकणारा देत नाही. घेणाराही मागत नाही. दाव्यात त्या घरची लक्ष्मी असते, ती गोठ्यातच राहावी. विमलाबाई म्हणाल्या, "बरं. राहू दे माझी लक्ष्मी माझ्याकडे." आणि कुलूप त्यांनी खुंटीला अडकवलं.

दुसऱ्या दिवसापासून सुलोचनाबाई घंटेच्या आधी शाळेत. साडीचा काठ एका बाजूला खोचलेला, पेटीत पोरांच्या वह्या आणि डबा. फळ्यावर खडू घासला जायच्या आत त्यांची घंटी ऐकू यायची आणि पोरं म्हणायची, "गुरुजी, बाई आल्या!" दिवाळीनंतर साहेब आले तेव्हा बाई प्रार्थना म्हणून घेत होत्या. साहेबांनी सायकलकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि काही लिहिलं नाही.

मला वाटलं, निभावलं.

मग कापसाचे दिवस आले. शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि बाई मागच्या निंबाखाली गेल्या, तर सायकल नव्हती. सायकलला कुलूप नव्हतंच. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, इतक्या मानानं कुलूप परत ठेवलं, तर त्यांच्यापुढे नवं कुलूप आणायची गोष्ट कशी काढायची, म्हणून बाई रोज मागचं चाक लुगड्याच्या चिंधीनं निंबाला बांधायच्या. ती चिंधी खाली पडली होती.

आम्ही पोरांना विचारलं, गावात विचारलं. सकाळपासून रस्त्यानं कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, सिंदीच्या खरेदीला जात होत्या, त्या कोणाकोणाच्या, कोण सांगणार? बाई रडल्या नाहीत. त्यांनी वर्गाची खिडकी लावली, पेटीबाहेर ठेवलेला डबा हातात घेतला आणि चालायला लागल्या. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सोबत निघालो. अर्ध्या वाटेवर त्या एवढंच म्हणाल्या, "गुरुजी, चौथीच्या पोरांचे अपूर्णांक राहिले आहेत. सोप्यापासून सुरू करा."



सावळीला पोचलो. आनंदाबाईंनी सुनेला पायी येताना पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. पण आधी रूपराव बोलले.

"बांधली नव्हती?"

"बांधली होती मामाजी. चिंधीनं."

"चिंधीनं काऊन? कुलूप..." आणि ते थांबले. खाली बसले. "दावं तिथं सोडून आलो," ते हळूच म्हणाले. "बरोबर केलं. पण बैल आणला तं आपल्या घरचं नवं दावं बांधतो आपण. ते घरात असतेच, म्हणून ध्यानातच आलं नाई. माह्याच हातानं मोकळी सोडली मी."

"पोरीनं तरी सांगायचं होतं," आनंदाबाई म्हणाल्या. "मोठी मास्तरीण! तोंड नाई का?" त्यांचा आवाज चिडका होता, पण त्यांनी मंगलाला सुनेच्या मांडीवर दिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मग मात्र त्यांना राहवलं नाही. "सांगितलं होतं ना मी? गोऱ्हा देऊन लोखंड आणू नका म्हणून! बैल असता तं दावं तोडून जुन्या मालकाच्या घरी तरी गेला असता. सापडला असता. आता पाहा, जाते का तुमचं लोखंड आपल्या पायानं सिंदीले!"

रूपरावांनी मान वर केली. 

"सकाळी दमणी जुपतो," ते म्हणाले. दमणी म्हणजे माणसांसाठीची हलकी बैलगाडी.

"कायले?"

"सिंदीले जातो. तू म्हनतं तसं."

"अहो, मी टोमणा मारून राह्यली होती!"

"असू दे. हरपलेलं पहिले जुन्या घरीच पाह्यतात."

मला ते दुःखानं बोलताहेत असं वाटलं. रात्री मी तिथंच राहिलो आणि सकाळी गाडीत बसलो ते त्यांच्यासाठी, सायकलसाठी नाही. सुलोचनाबाईही बसल्या. आणि शेवटच्या क्षणी आनंदाबाई नातीला कडेवर घेऊन चढल्या. "मीही येते. तमाशा पाहाले."

स्टेशनजवळच्या त्या पडवीत सायकल उभी होती. पांढरी पेटी, बिनमडगार्डचं चाक, आणि मागच्या चाकाला विमलाबाईंचं जुनं कुलूप.

आम्हाला पाहून विमलाबाई काठी टेकत बाहेर आल्या. "आलात! सावळीचं कोणी सापडतं का म्हणून कालपासून माणसं शोधते आहे. हा पाहा चोर." आणि त्यांनी पडवीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं डोक्याला मुंडासं बांधलेला एक माणूस उकिडवा बसून चहा पीत होता. तो बोरखेडीपलीकडच्या वस्तीवरचा बापूजी. खरेदी केंद्रावर त्याच्या कापसाचा नंबर अजून लागला नव्हता.

"मी चोर?" बापूजी उठून उभा राहिला. "सिस्टर, तुमी हाये म्हणून माही बायको जित्ती हाये. भर पावसात ह्याच सायकलीनं आल्या होत्या तुमी. ते पेटी मी जन्मात नाई भुलणार. कापूस नेऊन राह्यलो होतो, शाळेमांगं पाणी प्याले थांबलो, तं काय पाह्यतो? सिस्टरची सायकल, अन् चिंधीनं बांधलेली! आता चिंधीनं कोण बांधते? मालक? मालकाजवळ कुलूप असते. मी म्हटलं, चोरानं लपवली. उचलली अन् बंडीत कापसावर टाकली."

"कोणाला विचारायचं तरी," मी म्हणालो.

त्यानं मला खालून वर पाहिलं. "तुमी कोण?"

"त्या शाळेचा मास्तर."

"मंग तुमालेच कसं विचारू? मले तं तुमचाच डाऊट होता."

सगळ्यात आधी सुलोचनाबाई हसल्या. मग विमलाबाई, मग मीही. रूपराव हसले नाहीत. ते बापूजीच्या बैलांकडे पाहत होते. "बैलानं आणली," ते बायकोला म्हणाले. "आयकलं? बैलंच घेऊन आले तिले जुन्या घरी."

आनंदाबाई सायकलकडे पाहत उभ्या होत्या. त्यांनी ती आजवर नीट पाहिलीच नव्हती. विमलाबाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण कडेवरच्या पोरीला कुरवाळत म्हणाल्या, "तुम्ही सासूबाई ना? तुमच्या जिवावर चालली आहे हो ही सायकल. नात तुम्ही सांभाळता म्हणून. माझी सासू नव्हती, मी पोराला पेटीजवळ बांधून न्यायची."

आनंदाबाईंनी पदर सावरला. "मीच म्हटलं ह्यायले," त्या म्हणाल्या, "का सिंदीले जा म्हणून. ह्यायच्या ध्यानात काहीच येत नाई."

विमलाबाईंनी कुलूप काढलं आणि पुन्हा देऊ केलं. रूपरावांनी पुन्हा हात जोडले. पण या वेळी ते थेट सिंदीच्या बाजारात गेले आणि नवं कुलूप घेऊन आले. दुकानदारानं लहान-मोठी चार दाखवली, त्यातलं सगळ्यात जड निवडलं. घरी आल्यावर आनंदाबाईंनी त्याला हळद-कुंकू लावलं. एक किल्ली सुनेला दिली, दुसरी आपल्या कमरेला खोचली. सोमवारी मी शाळेत पोचलो तर पहिला वर्ग झाडून झाला होता आणि फळ्यावर अपूर्णांक मांडलेले होते.

नंतर रूपरावांची ख्याती वाढली. पारखायला माणसं त्यांना सायकलींसाठीही न्यायला लागली. ते मागचं चाक उचलायचे, फिरवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. काय ऐकायचे, देव जाणे. पण सांध्यावर बोट फिरवायला विसरत नसत, आणि विचारलं तर म्हणायचे, "हे मले सुनेनं शिकवलं." नवी घ्यावी की जुनी, असं कोणी विचारलं तर त्यांचं एकच उत्तर असे: ती कोणत्या मातीत फिरली ते पाह्य.

ती सायकल सुलोचनाबाईंनी दहा वर्षं चालवली. मंगला सिंदीच्या हायस्कुलात जायला लागली तेव्हा तिच्यासाठी आणि बाईंसाठी नव्या आल्या. तेव्हा भैय्याजींचा मुलगा दुकानात होता, आणि त्याच्या हातावर दुपट्टा पांघरला तेव्हा तो दचकला नाही. वडिलांनी सांगून ठेवलं असावं. जुनी सायकल शेजारच्या गावातल्या बालवाडीच्या बाईंनी घेतली. त्या न्यायला आल्या त्या दिवशी योगायोगानं मी सावळीला होतो. भाव दुपट्ट्याखाली झाला. बाई सायकलचं हँडल धरून निघाल्या.

"थांब व बाई," आनंदाबाई म्हणाल्या. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. त्यांनी चाचपून कुलूप काढलं आणि रूपरावांच्या हातात दिलं. त्यांनी ते गोठ्यातल्या दाव्यांशेजारी अडकवलं. बालवाडीच्या बाई थोड्या हिरमुसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी कुलपाचीही काटकसर करते.

"अन् तुह्यं नवं कुठं हाये?" आनंदाबाईंनी विचारलं.

"घेईन की. पुढच्या बाजारी."

"मंग सायकलही पुढच्या बाजारीच नेजो," आनंदाबाई म्हणाल्या, आणि हँडल धरून तिथंच उभ्या राहिल्या.